आईचा सीझन पास

गेल्या आठवड्यात वेळापत्रक आलं. ऑफिसच्या कॅफेटेरियात मी डबा उघडत होते आणि फोन वाजला. उन्हाळ्यातल्या सगळ्या मॅचेस एका पानावर; घरच्या मैदानावरच्या निळ्या, बाहेरगावच्या करड्या, आणि तळाशी दरवर्षीचंच वाक्य, की दिवस, वेळ आणि मैदान ऐनवेळी बदलू शकतं. इतकं प्रामाणिक वाक्य मी दुसऱ्या कुठल्याच वेळापत्रकात वाचलेलं नाही. समोर बसलेल्या पुण्याच्या सहकाऱ्यानं विचारलं, “काय गं, एकटीच हसतेयस?”

“सीझन सुरू होतोय.”

“कसला? क्रिकेट तर चालूच आहे की.”

“रग्बी लीगचा.”

त्यानं हातातला चमचा डब्यात ठेवला. मग म्हणाला, “यार, तू आणि रग्बी?”

त्याचा काही दोष नाही. अमेरिकेत मुळात रग्बीच थोड्यांना माहीत, आणि त्यातही तिचे दोन प्रकार. एक पंधरा जणांचा, जास्त नावाजलेला. दुसरा तेरा जणांचा, तो लीग. डेट्रॉइटच्या या बाजूला, आम्ही राहतो त्या नोव्हायपासून जरा लांब, एका हायस्कूलच्या जुन्या मैदानावर आमचा हौशी क्लब खेळतो. खेळणारे नोकऱ्या सांभाळून खेळतात, बघणारे शनिवारचे कपडे धुवायचे टाकून येतात. मोठ्या स्टेडियममध्ये मॅच बघायची तर तिकिटासाठी रांगेत, पार्किंगसाठी रांगेत, आणि खुर्चीत बसल्यावर खेळाडू मुंगीएवढे. आमच्याकडे गाडी कुंपणाला लावायची, डिकीतून घडीची खुर्ची काढायची आणि रेषेला लागून बसायचं. कुणी धावत आलं तर पाय आखडून घ्यायचे.

मे महिन्यात मिशिगन एकदम दिलदार होतं. पाच-सहा महिने राखाडी आकाश दाखवून छळलेल्याची भरपाईच करतं जणू. लायलॅकच्या फुलांचा वास रस्त्यावर येतो. जूनच्या सुरुवातीला कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडायला लागतो, आमच्या सांगलीकडे शेवरीचा उडतो तसाच, आणि मैदानाच्या कडेला त्याचे पांढरे पुंजके साठतात. मॅचच्या आधी कुणीतरी मैदानातली बदकं हाकलतं. ती जरा लांब जाऊन बसतात आणि मॅच संपायची वाट बघतात. नुकतं कापलेलं गवत, सनस्क्रीन, खेळाडूंनी गुडघ्यांना चोळलेलं मलम, कुणाच्या तरी ग्रिलवरचा धूर, असा सगळा मिळून एक वास असतो. कॅफेटेरियात, वरण-भाताच्या डब्यावर, तो मला त्या दिवशी स्वच्छ आला. आणि त्या वासाबरोबर आई आली.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी आईला इथं आणलं. दिवाळीच्या जरा आधी बाबा गेले होते. हार्ट अटॅक, घरातच, सकाळचा पेपर वाचताना. मी दिवसांपुरती पोचले, परत आले, आणि मग इथून रोज फोन. आई फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलायची. शेवटी मी आणि मंदारनं, माझ्या नवऱ्यानं, ठरवलं की तिला इकडे आणायचं. सहा महिने राहील, मग पुढचं बघू. पुढचं म्हणजे काय ते मी मनात ठरवून टाकलं होतं. ती इथंच राहील.

ती आली. बर्फ अजून वितळायचा होता. ती खिडकीपाशी बसायची, ईशाचं जुनं फुगीर जॅकेट घालून, घरात हीटर चालू असतानाही. ईशा माझी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची, इथंच जन्मलेली. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. आईला इंग्रजी वाचता येतं, कानाला मात्र ते फार भरभर वाटतं. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि तिथंच संभाषण संपायचं. आई जेवायची, औषधं घ्यायची, सांगितलं तर फिरायलाही यायची. तिनं कधी त्रास दिला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायची. एकदा मी म्हटलं, “आई, काहीतरी बोल ना.” ती शांतपणे म्हणाली, “काय बोलू? विचारणारं माणूस गेलं.” मला वाटलं मी रोज इतकं विचारतेय, तब्येत, जेवण, झोप, तरी ही असं का म्हणते? ते मला नीट कळायला जुलै उजाडावा लागला.

आमच्या समोरच्या घरात मॉरीन राहते. उत्तर इंग्लंडमधून तरुणपणी नवऱ्याबरोबर इकडे आली. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होता, आता हयात नाही. रग्बी लीग तिच्या माहेरचा खेळ. आमच्या क्लबचं तिकिटाचं टेबल तीच सांभाळते. ईशाला शाळेसाठी समाजसेवेचे तास भरायचे होते, तर मॉरीन म्हणाली, माझ्याबरोबर तिकिटं स्कॅन करायला ये. शनिवारची दुपार. मंदार कामासाठी मेक्सिकोला गेलेला. ईशाला गाडीनं सोडायचं म्हणजे मी जाणार, आणि आईला घरी एकटं ठेवायचं नव्हतं. अशा रीतीनं, कुणाच्याही मनात नसताना, आम्ही तिघी त्या मैदानावर पोचलो.

टेबलावर एक पत्र्याची पेटी, उडू नये म्हणून दगड ठेवलेले कागद आणि एक रबरी शिक्का. तिकीट फोनवर येतं, पण दुपारच्या उन्हात फोनच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे ईशाचं स्कॅनर दर दुसऱ्या माणसाला नापास करत होतं. मग मॉरीन “जाऊ दे, लव्ह” असं तिच्या माहेरच्या लाडानं म्हणून मनगटावर शिक्का मारायची आणि आत सोडायची. आईच्याही मनगटावर तिनं शिक्का मारला. आईनं हात उलटसुलट करून बघितला. मग समोरचं मैदान बघितलं. चुन्याच्या रेषा, दोन टोकांना गोलचे खांब, कडेला विखुरलेल्या खुर्च्या.

“तिकीट कशाला लावलंय? माणसं कुठायत?”

“हीच माणसं, आई.”

“एवढीच?” ती म्हणाली. मग खुर्चीत बसता बसता, “आमच्या वेळेला गल्लीतल्या सामन्याला याहून जास्त असायची.”

आई शाळा-कॉलेजात कबड्डी खेळायची, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. पण ते बाबांच्या एनसीसीसारखं, मामाच्या पेटीवादनासारखं. घरातली एक नोंद, बाकी काही नाही. तिनं खेळताना कसं धरलं असेल, कशी ओरडली असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. लग्नानंतर ती प्राथमिक शाळेत शिकवायची, संध्याकाळी आमचे अभ्यास घ्यायची, आणि आमच्या डोळ्यांपुढे आई म्हणजे तीच.

मॅच सुरू झाली. पहिली दहाएक मिनिटं आई हातातल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती. चेंडू घेऊन एक जण धावला, तिघांनी त्याला पाडला. तो उठला, चेंडू पायानं मागे सारला, मागच्यानं उचलला, दिला, पुन्हा एक धावला, पुन्हा पाडला. आईचा हात पर्समध्येच थांबला.

“असं किती वेळा करतात?”

मी शेजारच्या माणसाला विचारलं. “सहा वेळा. सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांना द्यायचा.”

“आणि पाडल्यावर हे मागे का जातात?”

“दहा मीटर मागे सरायलाच लागतं म्हणे. मग पुन्हा पुढे यायचं.”

आईनं पर्स मिटून खुर्चीखाली ठेवली. मग तिकडे आमच्या संघाचा सगळ्यात मागे उभा राहणारा सडपातळ मुलगा, टायलर, समोरून येणाऱ्या एका धिप्पाड गड्यावर खांद्यानं आदळला आणि स्वतःच फेकला गेला. धिप्पाड गडी तसाच धावत जाऊन गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून, गुण घेऊन मोकळा. आई खुर्चीतून अर्धी उठली.

“अगं, धडक मारून कुठं माणूस पडतो? धरून पडतो! पायात जायला नको का?”

तिचा आवाज मोठा होता. बाजूची चार माणसं वळली. मॉरीननं टेबलापासूनच ईशाला विचारलं, आजी काय म्हणाली. ईशानं सांगितलं, “शी सेज, यू डोन्ट हिट. यू होल्ड. गो फॉर द लेग्ज.” मॉरीननं दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, मी हेच वर्षानुवर्षं सांगतेय.

घरी येताना गाडीत आई म्हणाली, “ही कबड्डीच आहे. चेंडू घेऊन खेळतात एवढंच.” आणि मग, मी सिग्नलला थांबलेली असताना, “पुढची कधी आहे?”

त्या क्षणाचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवेपर्यंत मी हिरव्या सिग्नलला तशीच उभी होते.

वेळापत्रक फ्रिजवर लागलं. आई रोज सकाळी चहा करताना ते वाचायची, पाठ झालेलं असूनही. दुसऱ्या मॅचनंतर तिनं विचारलं, सगळ्या मॅचचं एकदम तिकीट मिळतं का. मॉरीननं तिला सीझन पास करून दिला. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. नाव काय घालू म्हणाली, तेव्हा मी ‘सुमन’ सांगणार इतक्यात ईशा म्हणाली, “जस्ट राइट आजी.” तेव्हापासून त्या मैदानावर ती सगळ्यांची आजी. ते ‘जी’ लांबवतात, आणि कितीही शिकवलं तरी ‘आ’ आखूड म्हणतात.

मग आमचा उन्हाळा मॅचेसभोवती फिरायला लागला. मंडळाच्या पिकनिकची तारीख आली, तेव्हा आईनं फ्रिजकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, “त्या दिवशी आपल्याला नाही जमायचं. मॅच आहे आपली.” आपली! टेक्सासमधल्या अर्विंगहून आलेल्या मंदारच्या मावशींनी विचारलं, “वहिनी, काय बघता हो त्यात?” आईनं त्यांना सोफ्यावर बसवून, टीपॉयवर वाट्या मांडून, सहा पकडी आणि दहा मीटर समजावले. मावशींनी मान डोलावली. त्या बऱ्याच लवकर झोपायला गेल्या.

वेळापत्रकाचा मात्र कधीच भरवसा नसायचा. एकदा शहरानं तेच मैदान लहान मुलांच्या सॉकरला देऊन टाकलेलं. आमचे तेरा आणि त्यांचे तेरा पार्किंगमध्ये उभे, आणि मैदानात टीचभर पोरं. एकदा समोरच्या संघाची व्हॅन बंद पडली, तर मॅच उशिरा सुरू झाली आणि तोवर आईनं आणलेलं भडंग सगळीकडे फिरलं. सांगलीचं भडंग, इथल्या इंडियन ग्रोसरीतल्या मुरमुऱ्यांचं केलेलं, लसूण मात्र सांगलीच्या हातानं घातलेला. त्यानंतर लोक मॅचला येताना डबा आणला का हे आधी बघायचे. मध्यंतराला क्लबचा एक दाढीवाला माणूस कर्णा घेऊन उपस्थिती जाहीर करायचा. तो दर वेळी भरघोस आकडा सांगायचा, कुत्र्यांना आणि बदकांना धरून, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. इतक्या थोड्या माणसांत आपण मोजले जातो याचं एक सुख असतं. एक जण आला नाही तर कळतं. आईला एकदा ताप आला म्हणून आम्ही गेलो नाही, तर संध्याकाळी मॉरीन सूपचं भांडं घेऊन दारात.

टायलरला तिनं शिकवलं ते तिसऱ्या की चौथ्या मॅचनंतर. तो प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवतो. हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळलेला, हेल्मेट घालून आदळायची सवय. तोच आमच्या खुर्च्यांपाशी आला आणि ईशाला म्हणाला, आजीला विचार, मी काय चुकतोय. आई उठली. सलवार-कुर्ता, पायात स्नीकर्स, गळ्यात पास. तिनं गुडघे वाकवले, फार नाही, वय सत्तरीकडे झुकलेलं, पण पाठ सरळ आणि हात पुढे, तळवे उघडे. क्षणभर माझ्या आईच्या जागी मला कुणी दुसरीच मुलगी दिसली.

“त्याला सांग, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. डोळे हूल देतात. कमरेकडे बघायचं. कंबर खोटं बोलत नाही.”

ईशा सांगत होती. तो गवतात उकिडवा बसून ऐकत होता.

“आणि धरलं की सोडायचं नाही. तो ओढेल. ओढू दे. आपण धरून ठेवायचं, बाकीचे येतातच.”

“अँड देन यू जस्ट होल्ड ऑन,” ईशा म्हणाली. “द अदर्स विल कम. दे ऑलवेज कम.” शेवटचं वाक्य तिनं पदरचं घातलं होतं. आईला ते कळलं असावं, कारण तिनं ईशाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

जुलैत ओहायोला मॅच होती. आईनं पहाटे उठून थालीपीठं केली. आम्ही तिघी निघालो. टोलीडो ओलांडल्यावर हायवेच्या विश्रांतीच्या जागी थांबलो आणि तिथंच मेसेज आला की समोरच्या संघाचे पुरेसे खेळाडूच जमले नाहीत, मॅच रद्द. मी वैतागले. एवढं ड्राइव्ह केलं, आता परत. आई म्हणाली, “आलोय तर खाऊन घेऊ.” लाकडी बाकांवर आम्ही डबे उघडले. पलीकडे ट्रक उभे होते, मक्याची शेतं वाऱ्यावर हलत होती. ईशा थालीपीठ खाता खाता म्हणाली, “आजी, डिड आजोबा प्ले टू?”

आई हसली. “तो? त्याला कबड्डीतलं ओ की ठो कळायचं नाही.”

मग ती सांगत गेली. लग्न झालं तेव्हा तिचा खेळ सुटला. कुणी मनाई केली नव्हती, पण खेळायला जायचं कसं, कुणाबरोबर, काय घालून? सुटला. बाबांनी कधी त्याबद्दल काही म्हटलं नाही. पण गावात कुठंही सामने लागले की ते संध्याकाळी स्कूटर काढायचे आणि म्हणायचे, चल. दोघं मैदानाच्या कडेला बसायची. आणि बाबा दर चढाईला विचारायचे, आता काय झालं? हा बाद का झाला? तो का नाही? “मी सांगायची. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायचा. इतकी वर्षं सांगितलं, शिकला नाही.” तिनं थालीपीठाचा तुकडा मोडला. “मला आधी वाटायचं मठ्ठ आहे. मग कळलं, मला सांगायला मिळावं म्हणून विचारतो.”

ट्रक सुरू होऊन गेला. ईशानं खाणं थांबवलं होतं. मला मार्चमध्ये खिडकीपाशी बसून तिनं म्हटलेलं ते वाक्य आठवलं. विचारणारं माणूस गेलं. मी तिला तब्येत विचारत होते, झोप विचारत होते. तिला जे येतं ते तिला कुणीच विचारत नव्हतं. आणि गेले दोन महिने मी, ईशा, मॉरीन, टायलर, त्या कुंपणाकडेची सगळी अनोळखी माणसं, दर दोन मिनिटांनी तिच्याकडे वळून विचारत होतो, आता काय झालं? आम्हाला खेळ कळत नव्हता, एवढंच आमचं भांडवल. त्या रद्द झालेल्या मॅचनं मला जेवढं दिलं तेवढं एखाद्या पूर्ण हंगामानंही दिलं नसतं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी, जेवताना, मी विषय काढला. “आई, तू इथंच राहा ना. पेपर्सचं आम्ही बघतो. मंदारचंही तेच म्हणणं आहे.”

मंदार म्हणाला, “हो, आई. तिकडे एकट्या काय करणार?”

मला खात्री होती. इतकी हसती आई मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिनं ताटातला भात कालवला, आणि म्हणाली, “नाही गं नीलू. वर्षश्राद्ध घरी करायचंय. आणि आता मला जाववेल. मार्चमध्ये तू परत पाठवलं असतंस तर त्या घराचं दार उघडायचं धैर्य झालं नसतं. आता होईल.”

मी उठून भांडी घासायला लागले. रडू येत होतं आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या मैदानानं तिला माझ्याजवळ ठेवावं म्हणून मी इतके शनिवार दिले, आणि त्यानं तिला जाण्याइतकी बरी केली. आज मला वाटतं, याहून मोठं काय मागायचं होतं मी? पण त्या संध्याकाळी नाही वाटलं.

शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. जिंकलो तर फायनल. मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि पश्चिमेकडून आकाश जांभळं झालं, वीज चमकली, रेफरीनं सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही गाडीत बसून वाट बघितली. काचांवरून पाण्याचे लोट. शेवटी दाढीवाला कर्णा घेऊन गाड्यांमधून पळत सांगत आला, पुढच्या शनिवारी! पुढच्या शनिवारी संध्याकाळी आईचं विमान होतं.

मंदार म्हणाला, तिकीट बदलू. आई नको म्हणाली. मॉरीननं समोरच्या संघाला विचारलं, जरा लवकर सुरू करता का? त्यांचे दोघं रात्रपाळी करून येणार होते, जमलं नाही. मग ठरलं ते असं, की सामान गाडीत टाकून मैदानावर जायचं, पहिला अर्धा भाग पूर्ण बघायचा, आणि दुसऱ्यातून उठायचं.

त्या दिवशी आईनं पर्ससोबत एक डबा आणला होता. दही-साखर. मॅचच्या आधी खेळाडू मैदानात उतरत होते, तर ती उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली. ईशाला म्हणाली, “सांग त्यांना, शुभकामाला निघताना आमच्यात हातावर देतात.” ते एकेक जण आले. मनगटांना पट्ट्या, बोटांना पट्ट्या, तळवे पसरलेले. ती चमच्यानं थोडं थोडं घालत होती आणि ते, आपल्याकडे तीर्थ घेतात तसं, वाकून घेत होते, कुणी शिकवलं नव्हतं तरी. टायलर सगळ्यात शेवटी. डबा संपत आला होता. आई झाकण लावणार तेवढ्यात ईशानं तिच्या हातातून चमचा घेतला.

“आजी, हात पुढे कर,” ती म्हणाली. मराठीत. “तू पण निघालीस ना.”

आईनं हात पुढे केला.

त्यानंतरची मॅच मला फारशी आठवत नाही. टायलरनं एका उंच गड्याला गुडघ्यांत मिठी मारली आणि सोडलं नाही, दोघं जण मागून आले आणि तिघांनी मिळून त्याला रेषेच्या वीतभर अलीकडे पाडलं, एवढं आठवतं. आई ओरडली नाही. फक्त “हं” म्हणाली, शाळेत बरोबर उत्तर आल्यावर म्हणायची तसं. मग मंदारनं घड्याळाकडे बघितलं. आम्ही उठलो. ईशाला मॉरीनकडे ठेवून, वळून वळून बघत, आम्ही गेलो. विमानतळावर, ती एकटी जाणार म्हणून मागवलेल्या व्हीलचेअरची वाट बघत असताना ईशाचा फोन आला. हरलो होतो, थोडक्यात. मी आईला सांगितलं.

“लागलं नाही ना कुणाला?”

“नाही.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. तिला आत नेताना मी काचेतून बघत राहिले. तिनं मागे वळून हात केला, नेहमीसारखा, आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीशी काहीतरी बोलायला लागली.

त्या हंगामाची आठवण काढली की मला कुणाकुणाचे आभार मानायचे असतात ते सुचत जातं. उन्हात न चालणाऱ्या स्कॅनरचे. तास भरायला लावणाऱ्या ईशाच्या शाळेचे. ज्यांचे खेळाडू जमले नाहीत त्या ओहायोच्या संघाचे, ज्यांना मी तेव्हा शिव्या घातल्या. लोक मोठ्या मॅचेसना जातात, गर्दीत हरवून जायला, आणि तेही चांगलंच असेल. मला मात्र इतकी कमी माणसं असलेलं मैदान मिळालं की तिथं हरवायची सोयच नव्हती.

वेळापत्रक आलं त्या दिवशी, रात्री उशिरा ऑफिसमधून निघताना, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून सांगलीला फोन लावला. तिथली रात्र नुकती सरलेली, आई अंगणात असणार.

“आई, वेळापत्रक आलंय. मॉरीन विचारतेय. तिकीट कधीचं काढू तुझं? जूनच्या आधी ये.”

पलीकडे कुठंतरी शिट्टी वाजली. मग पायांचा आवाज, आणि पुष्कळ मुलींचा एकदम कालवा.

“यंदा नाही जमायचं गं मला.”

“का? बरी आहेस ना?”

“अगं, शाळेच्या ग्राउंडवर पोरी शिकायला येतात माझ्याकडे. थंडीत चौघी होत्या, आता बऱ्याच झाल्यात. पावसाळ्यात स्पर्धा लागतील. तयारी काही नाही अजून, एकीलाही धरता येत नाही नीट. त्यांना सोडून कशी येऊ?”

एवढ्या सकाळी ती ग्राउंडवर आहे. तिच्या आवाजात धाप आहे, आणि घाई आहे.

“आई, ऐक ना—”

“नीलू, नंतर बोलते हं. पोरी थांबल्यात.”

आणि फोन बंद झाला. बाबा गेल्यापासून आमच्या प्रत्येक फोनचा शेवट मी करायची. बोलणं संपलेलं असायचं तरी ती फोन धरून बसायची, आणि मला ‘ठेवू का, ठेवू का’ असं करत करत सोडवून घ्यावं लागायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझ्या आधी ठेवला. मी गाडीत बसून होते, बंद झालेला फोन कानाला तसाच लावून, आणि मला फार बरं वाटत होतं.